खुर्चीतला रोधक

हेमचंद्र पिंपळीकरांना आयुष्यात एकच गोष्ट चांगली जमली, ती म्हणजे गप्प बसणं. शाळेत ते मागच्या बाकावर गप्प बसले, लग्नात पाटावर गप्प बसले आणि चिकलठाण्याच्या औषध कंपनीत प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर केस पांढरे होईपर्यंत गप्प बसले. त्या स्टुलावर त्यांनी एक रेणू घडवला. त्याचं औषध व्हायचं होतं. झालं नाही. त्याबद्दलही ते कोणाकडे काही बोलले नाहीत.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी कालिंदीबाई चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून म्हणाल्या, "मी आपल्या चिन्मयकडे पुण्याला जाते. कायमची."

कप तळव्यांत धरायचा, कारण बोटं मिटत नव्हती. संधिवात होता. शरीराचं स्वतःचंच सैन्य सांध्यांवर चाल करून जात होतं. त्यात घर कॉलनीच्या अगदी शेवटाला, आणि वर्ष दुष्काळाचं. जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता. आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा, नळाला पाणी यायचं. लाईन टाकली तेव्हा ज्वारीच्या शेतात मोजके प्लॉट पडले होते; आता शेंद्र्याच्या बाजूला रो-हाउस आणि इमारती वाढत गेल्या होत्या, आणि पाईप तोच. पाणी आलं की प्रत्येक घर नळाला मोटार लावी. पुढच्यांचे हौद भरत. शेवटच्या घरातला नळ नुसता फुसफुसायचा. मग टँकरच्या पाण्याचे ड्रम, बादल्या, आणि कालिंदीबाईंची न मिटणारी बोटं.

"तुम्ही काही म्हणणार आहात का?" त्यांनी विचारलं.

हेमचंद्रांच्या मनात बरंच काही आलं. त्यातलं कुठलं आधी म्हणावं हे ठरेना.

"बघतो," ते म्हणाले.

आणि खरोखरच ते बघायला लागले. पुढच्या पाण्याच्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन ते गच्चीवर बसले. वर्तमानपत्र डोळ्यांसमोर, डोळे त्याच्या वरून गल्लीत. जे घडलं ते नेहमीसारखंच होतं, पण हेमचंद्र ते पहिल्यांदाच ओळीने बघत होते.

महापालिकेचा लाईनमन पुंजाराम स्कूटरवरून आला. त्याने हेल्मेट न काढता मारुतीच्या देवळाशेजारचा व्हॉल्व फिरवला आणि शिव्या ऐकायला लागायच्या आत पळाला. शेजारीच बद्रीनाथची पिठाची गिरणी. बद्रीनाथने गिरणी थांबवली आणि तो निघाला. माणूस अवाढव्य, आणि जन्मभर पीठ छातीत जाऊन जाऊन श्वास पार आखूड झालेला. चंपाबाईंच्या ओट्यापर्यंत पोचता पोचता त्याचा भाता व्हायचा. तिथे प्लास्टिकची एक लाल खुर्ची होती. तीत बसल्याशिवाय त्याच्या तोंडून अक्षर फुटत नसे. तो बसला, दम खाल्ला, आणि म्हणाला, "आलं."

चंपाबाईंनी पितळी परात उचलली आणि उलथन्याने बडवली. परात वाजली, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटारी एकदम किंचाळल्या. हेमचंद्रांच्या नळाने खाली फुस्स केलं.

मोबाईलवर निरोप का जात नव्हता, असं कोणी विचारील. पूर्वी जायचा. पण एकदा कोणीतरी गमतीने 'पाणी आलं' असं टाकलं, आणि कोरड्या पाईपावर चालून कॉलनीतल्या कितीतरी मोटारी जळाल्या. तेव्हापासून लोकांचा विश्वास फक्त परातीवर. सगळी कॉलनी ज्यांच्या शेतावर उभी होती त्या चंपाबाई. त्या खोटं वाजवणार नाहीत, अशी सगळ्यांची खात्री होती.

हेमचंद्रांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांचे कान गरम झाले होते. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या ज्या गोष्टीची ते कागदावर चित्रं काढत होते, ती गोष्ट खाली गल्लीत, लाल रंगाची, चार पायांवर उभी होती.

ते खाली आले आणि कालिंदीबाईंच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली.

"ही गोळी काय करते सांगू?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. तीन वेळा."

"पेशीला बाहेरून निरोप येतो, हल्ला करा म्हणून. तो आत पोचवायला एक प्रथिन असतं. त्या प्रथिनाला एक खाच असते. शक्तीचं एक बारकं गाठोडं येऊन त्या खाचेत बसलं, की प्रथिन जागं होतं आणि निरोप पुढे जातो. मग सगळ्या पेशी एकदम उठतात आणि आपलंच घर फोडतात. गोळी काय करते? ती कोणाला मारत नाही. काही तोडत नाही. गाठोडं यायच्या आत जाऊन त्या खाचेत बसते. फक्त बसते. म्हणून तिला रोधक म्हणतात."

"तुमच्यासारखी," कालिंदीबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी!" हेमचंद्र म्हणाले. लग्न झाल्यापासून ते इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

पुढच्या पाण्याच्या सुमाराला ते काखेत पुस्तक घेऊन चंपाबाईंच्या ओट्यावर गेले आणि खुर्चीत बसले. कोणाच्या घरी न विचारता बसायची ही त्यांची पहिलीच वेळ.

चंपाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय काम काढलं, सायब?"

"काही नाही. ऊन चांगलं आहे इथे."

"ऊन काय, तुमच्या घरावर पडत नाय व्हय?"

"पडतं. पण... इथलं बरं आहे."

"बसा मंग. खुर्चीला काय, कुनीतरी बसायलाच पायजे."

थोड्या वेळाने पुंजारामची स्कूटर वाजली. गिरणी थांबली. बद्रीनाथ डोलत डोलत आला, ओट्याशी थांबला आणि खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत हेमचंद्र होते. त्यांनी पुस्तकात डोळे घातले. ओट्यावर टेकावं तर बद्रीनाथला उठवायला दोन माणसं लागत. चंपाबाई दुसरी खुर्ची ठेवत नसत. दुसरी ठेवली की दुसरा माणूस येतो, असं त्यांचं म्हणणं. बद्रीनाथने तोंड उघडलं. त्यातून नुसती हवा आली. त्याने एक हात हलवला, तो 'बसा, बसा' असाही होता आणि 'आलं, आलं' असाही, आणि धापा टाकत तो परत गेला.

"ह्याला काय झालं?" चंपाबाई म्हणाल्या.

"फिरायला निघाले असतील," हेमचंद्र म्हणाले. हे खोटं बोलल्याबद्दल त्यांना पुढे दोन रात्री नीट झोप लागली नाही.

परात वाजली नाही. मोटारी लागल्या नाहीत. पाणी आपल्या पायांनी, कोणी ओढत नसताना, पाईपातून हळूहळू चालत आलं. ज्याच्या त्याच्या हौदात उघड्या नळातून आपसूक पडलं, आणि शेवटच्या घरी येऊन कालिंदीबाईंच्या न्हाणीघरातल्या बादलीत करंगळीएवढ्या धारेने, पण पुरवठा बंद होईपर्यंत न थांबता पडत राहिलं. संध्याकाळी हेमचंद्र घरी आले तेव्हा कालिंदीबाई बादलीपुढे पाटावर बसून ती धार बघत होत्या.

"अहो, हे काय आहे?"

"पाणी," हेमचंद्र म्हणाले.

त्या रात्री पलंगाखालून अर्धवट बाहेर आलेली बॅग पुन्हा आत गेली. हेमचंद्रांनी ते पाहिलं.

आता खरं तर पाण्याच्या दिवशी दोन तास बसलं असतं तरी भागलं असतं. पण पुंजाराम कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि हेमचंद्र संशयी माणूस. आपण नसताना नेमकं तो आला तर? म्हणून ते रोज बसू लागले. सकाळी चहा झाला की जायचे, दुपारी डबा तिथेच. मोबाईल घरी ठेवून जायचे, कारण वाजला तर तो बंद कसा करायचा हे त्यांना येत नव्हतं.

कॉलनीला काय झालं ते कळेना. आठवडाभर परात नाही, आणि हौद भरलेले! देवळात दोन जणांनी आपापल्या नावाने नारळ फोडले. नगरसेवकाने फलक लावला, 'पाणी आणून दाखवले'. त्यात त्याचा स्वतःचा फोटो होता आणि धबधब्याचा. हेमचंद्र खुर्चीतून तो फलक वाचत आणि आपण खरंच काही केलं का, की हे सगळं त्यानेच केलं, या विचारात पडत.

चंपाबाईंचा जीव मात्र कासावीस व्हायला लागला. "सायब, सांगू का, मला करमंना झालंय. कुनी काही सांगतच नाय. आठ दिस झाले, नवीन बात नाय. कानात बोळा घातल्यावानी झालंय."

"शांत वाटत नाही का?"

"शांत मढ्याला वाटतं."

कारण त्या खुर्चीतून फक्त पाण्याचाच निरोप पुढे जात नव्हता. बद्रीनाथ गिरणीवर ऐकायचा ते सगळंच तिथून पुढे जायचं. आता ते बद्रीनाथच्या छातीत साचून राहिलं. सिलिंडरची गाडी येऊन गेली, कोणाला पत्ता नाही. गल्लीतल्या मोनिकाला बघायला पैठणहून पाहुणे आले. घर दाखवायला कोणी नाही, म्हणून ते भलत्याच घरात शिरले. तिथे लग्न झालेली, दोन लेकरांची माहेरवाशीण होती, तिने पोहे केले, आणि पाहुणे पसंती कळवून गेले. हेमचंद्र आणि चंपाबाईंबद्दलही लोकांच्या मनात यायचं ते आलं. पण ते बोलायला जायचं तर चंपाबाईंच्या ओट्यावरच जावं लागे, आणि तिथे खुर्चीत हेमचंद्र. त्यामुळे प्रत्येकाने ते एकट्यानेच मनात ठेवलं, आणि प्रत्येकाला वाटलं, असं वाईट आपल्यालाच सुचलं.

मग सत्यम आला. तो कुठला हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याने देवळामागच्या मोकळ्या जागेत एक शेगडी मांडली. दुसऱ्या दिवशी वर ताडपत्री घातली. तिसऱ्या दिवशी बाकडी आली आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतली पोरं तिथे रांगेने जेवायला बसू लागली. जाणारा-येणारा प्रत्येक जण थबकायचा. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्या कोणीतरी परवानगी दिली असेल. कोणी कोणाला विचारलं नाही. सत्यम हसून नमस्कार करी. लोकही करत. मग त्याने भर दुपारी रस्ता खणून कॉलनीच्या पाईपाला आपला पाईप जोडला, त्यावर मोठी मोटार बसवली, आणि खणणाऱ्यांना पिण्यासाठी पाणी देवळासमोरच्या एका भल्या माणसाने स्वतःच्या हौदातून दिलं.

कालिंदीबाईंच्या बादलीतली धार करंगळीची सुतळी झाली.

"अहो, डॉक्टरांनी ही गोळी देताना काय सांगितलं होतं आठवतं?" एका रात्री त्या म्हणाल्या. "सैन्य झोपवलंय, तेव्हा चोर शिरला तर कळणार नाही. ताप आला की गोळी थांबवायची आणि लगेच यायचं. तुम्ही कधी थांबणार?"

हेमचंद्र विचारात पडले. त्यांचा रेणू याच कारणाने फसला होता. खाचेत तो छान बसायचा, पण शेजारच्याही दहा खाचांत बसायचा. कंपनीत लोक म्हणायचे, पिंपळीकरांचा रेणू म्हणजे लग्नातला पाहुणा, खुर्ची दिसली की बसला. आता आपण उठलो तर परात वाजेल, मोटारी लागतील, सुतळीही तुटेल, आणि बॅग बाहेर येईल. नाही उठलो तर... पण त्यांना इतक्या पुढचं कधीच धड दिसत नसे.

"बघतो," ते म्हणाले आणि सकाळी पुन्हा जाऊन बसले.

त्याच आठवड्यात एका दुपारी गिरणी थांबली. पुंजारामची स्कूटर वाजली नव्हती, तरी थांबली. बद्रीनाथ आला. आज तो चालत नव्हता, जवळजवळ धावत होता. ओट्याशी येऊन त्याने छाती धरली. तोंड उघडलं. हवा.

हेमचंद्रांनी सवयीने पुस्तकात डोळे घातले.

बद्रीनाथ गेला नाही. एरवी तो हात हलवून जायचा. आज तो तिथेच उभा राहिला. पापण्यांवरचं पीठ घामाने ओलं होऊन गालांवर ओघळत होतं. त्याने हात उचलला आणि बोट केलं. खुर्चीकडे नव्हे. हेमचंद्रांकडे.

"सायब," चंपाबाई हळूच म्हणाल्या, "त्याला बसू द्या. मला नाय सांगायचं त्याला. तुमालाच सांगायचंय."

हेमचंद्र उठले. खुर्ची त्यांच्या मागे चिकटून थोडी उचलली गेली आणि मग सुटली. बद्रीनाथ तीत कोसळला. त्याला दम यायला किती वेळ लागला कोण जाणे. हेमचंद्रांना तो वेळ आपल्या सगळ्या नोकरीपेक्षा मोठा वाटला.

"काकूला," बद्रीनाथ म्हणाला, "ताप भरलाय. सकाळधरून. कडूबाई घरात भांडी घासायला गेली तं काकू पडलेल्या. बोलंनात. तिनं मला फोन केला. मी दोन बारी येऊन गेलो, काका. तुम्ही बसलेले."

"दोन वेळा?"

"तीन धरा. ही तिसरी."

हेमचंद्र अनवाणीच धावले. मागे परात वाजली. ती का वाजतेय हे अर्ध्या लोकांना कळलं नाही, त्यांनी पाणी आलं समजून मोटारी लावल्या, आणि त्या कोरड्या पाईपावर धूर सोडू लागल्या. उरलेले रस्त्यावर आले. कित्येक दिवसांनी एकमेकांची तोंडं दिसली. कोणी रिक्षा आणली, कोणी दुसरी आणली, कोणी चादर, कोणी मीठ-साखरेचं पाणी. एकाला अचानक देवळामागे धूर दिसला.

"ह्याला इथं कुनी बसवलं?"

"मला वाटलं तुम्ही!"

"म्या कशाला बसवीन? मला वाटलं कॉलनीच्या अध्यक्षानं."

"अध्यक्ष ना? ते तर माझ्याकडंच जेवतात," सत्यम म्हणाला. पण तोवर त्याची ताडपत्री खाली आली होती.

दवाखान्यात कालिंदीबाईंच्या खाटेभोवती इतकी गर्दी झाली की डॉक्टरांना आत यायला जागा नव्हती. नर्सने सगळ्यांना हाकललं, आणि हाकलताना हेमचंद्रांनाही हाकललं, कारण आपण नवरा आहोत हे त्यांना सांगता आलं नाही. बाहेरच्या बाकावर बसायला जागा होती. ते उभे राहिले.

छातीत संसर्ग झाला होता. ती गोळी बंद झाली, दुसरी औषधं सुरू झाली. "पहिल्या कणकणीलाच आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "घरात कोणी नव्हतं का?" कालिंदीबाई वाचल्या. बोटं मात्र पुन्हा सुजली, आता तर कप तळव्यांतही धरता येईना.

त्या घरी आल्या त्या दिवशी चिन्मय पुण्याहून गाडी घेऊन आला. बॅग पलंगावर उघडी पडली होती. कालिंदीबाई सांगत होत्या आणि हेमचंद्र साड्या घडी करून भरत होते. घडी त्यांना येत नव्हती.

"कायमची ना?" त्यांनी बॅगेकडे बघत विचारलं.

"हो."

त्यांनी एक पातळ उलगडलं, त्याची पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"मीही येऊ?"

कालिंदीबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता खोकला आला.

"अहो, संक्रांतीच्या आधीपासून वाट बघतेय मी या प्रश्नाची! बायको म्हणते मी चालले, तर माणूस म्हणतो मीही येतो. तेवढंच ऐकायचं होतं मला. तुम्ही उठलात आणि थेट चंपाबाईंच्या खुर्चीत जाऊन बसलात."

"पाण्यासाठी बसलो."

"पाण्याचं मी कधी काही म्हटलं होतं का?"

हेमचंद्रांनी आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं. पाणी त्यांनी स्वतःच धरलं होतं, कारण पाण्याचं काहीतरी करता येईल असं त्यांना वाटलं होतं.

फाटकापाशी कॉलनी जमली होती. तोवर लोकांनी सगळं जुळवून बघितलं होतं. बद्रीनाथने मिळालेल्या खुर्चीत बसून महिन्याभराचं एका दमात सांगून टाकलं होतं. कोणी रागावलं नव्हतं. उलट अध्यक्षांनी हात जोडले.

"पिंपळीकरसाहेब, जाऊ नका. आम्ही ठराव केलाय. तुम्ही फक्त पाण्याच्या दिवशी बसा. बाकी दिवस चंपाबाई मोकळ्या."

"नाही जमायचं," हेमचंद्र म्हणाले. कोणाला नाही म्हणताना आपला आवाज कसा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. तो बराच लागला.

"मंग आमचं काय?" चंपाबाई म्हणाल्या.

"दुसरा कोणी बसवा. कोणीही चालेल. फक्त फार वेळ बसवू नका. पाणी येऊन गेलं की उठवा. आणि कोणाला ताप आला, तर आधी उठवा."

"बसवलाय की," बद्रीनाथ म्हणाला आणि मागे बोट दाखवलं. लाल खुर्चीत एक निवृत्त मास्तर बसले होते. वय तेच, चष्मा तोच, मांडीवर पुस्तकही. फक्त ते सारखे बोलत होते. समोर कोणी नव्हतं तरी बोलत होते.

"हे चालणार नाहीत," हेमचंद्र अभावितपणे म्हणाले. "हे स्वतःच निरोप होतील."

"बाबा, चला," चिन्मय म्हणाला. "आई कधीची बसलीय."

हेमचंद्र गाडीत मागे, कालिंदीबाईंच्या शेजारी बसले. गाडी सुटली. जालना रोडवर येईपर्यंत ते गप्प होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की त्या आपल्याकडेच बघतायत.

"काय?"

"काही नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "तुम्ही काहीतरी म्हणा."

हेमचंद्रांच्या मनात बरंच काही आलं. त्यातलं कुठलं आधी म्हणावं, हे त्यांना याही वेळी ठरवता येईना. म्हणून त्यांनी जे पहिलं हाताशी आलं तेच म्हटलं. ते पुस्तकाबद्दल होतं, महिनाभर खुर्चीत बसून त्यांनी ज्याचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं होतं त्याबद्दल. कालिंदीबाईंना त्यात गोडी नव्हती. तरी त्या ऐकत राहिल्या, आणि हेमचंद्र अहमदनगर येईपर्यंत बोलत राहिले.